बिनडागाची भिंत

त्या वर्षी वारं लवकर सुटलं आणि थांबायचं नाव घेईना. दुपार कलली की ते पश्चिमेच्या उजाड माळावरून यायचं, रस्ता ओलांडायचं आणि मिस्त्रीच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीतून सरळ आत शिरायचं. भिंत म्हणायची ती आपली सवयीनं. लाकडी फळ्या वाळवीनं खाल्लेल्या, फटींत जुनी फडकी आणि कागदाचे बोळे कोंबलेले. रोज दोन-चार बोळे खाली पडायचे आणि मिस्त्रीची बायको खाटेवरून उठून ते पुन्हा जागच्या जागी बसवायची. अलीकडे तिला तेवढंही उठवेना.

मिस्त्रीचा धंदा काय, तर लोकांच्या भिंती मढवायचा. लांबलचक सिमेंटच्या फळ्या बाहेरून ठोकायच्या, वरची फळी खालच्या फळीवर बोटभर चढवून, म्हणजे ऊन, पाऊस, वारं काही आत जात नाही. बावीस वर्षं त्यानं शाळा मढवल्या, गोदामं मढवली, बंगले मढवले. स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. बायको अकरा वर्षं सांगत होती आणि हा अकरा वर्षं ‘हे काम उरकलं की करतो’ म्हणत होता. फळ्या आणूनही ठेवल्या होत्या, चांगल्या चोवीस, पडवीत ताडपत्रीखाली. त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या.

त्याला सगळे ‘सूतभर’ म्हणत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि फळी तेवढी जरी आखूड निघाली तरी हा गडी ती बाजूला फेकायचा. ‘सूतभरच आहे, चालतंय की,’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाशी दिवसभर बोलायचा नाही. दुसरं त्याचं वेड म्हणजे डाग. फळी कापताना उडालेली धूळ ओली झाली की फळीच्या तोंडावर बसते, वाळते, आणि मग घासून मेलात तरी निघत नाही. राखाडी ओघळ कायमचा राहतो. म्हणून फळी ठेवून कापायच्या त्याच्या लाकडी घोडीजवळ पाण्याचा तांब्या ठेवायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती. फळी कोरडी कापायची, कोरडी झाडायची, कोरडी पुसायची. त्याच्या भिंती बघा कुठंही, एक डाग दिसायचा नाही.

ही झाडायची आणि पुसायची ती त्याची बायको. तो ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीचं कापायचं यंत्र, धरायचा, ती फळीचं दुसरं टोक धरायची आणि कापून झालं की झाडू घ्यायची. एकवीस वर्षं. यंत्र ज्याच्या हातात, मास्क त्याच्या तोंडाला, ही कामावरची रीत. मुकादम एका घोडीमागं एक मास्क द्यायचा. फळीचं टोक धरणाऱ्या बाईला मास्क कशाला? ती फडकं बांधायची. संध्याकाळी घरी आल्यावर मिस्त्री शर्ट काढून द्यायचा, ती तो मागच्या दारात उभी राहून तीनदा झटकायची आणि मग भिजत घालायची. न झटकता भिजवला तर बादलीत चिखल होतो, असं तिचं शास्त्र होतं.

तेव्हा कुणाला काही कळत नव्हतं, असं म्हणायची सोय आहे, पण ती खरी नाही. एकदा फळ्या बनवणाऱ्यांचा एक माणूस कामावर आला होता. त्यानं मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की कापणाऱ्यापेक्षा झाडणाऱ्याच्या छातीत जास्त जातं, पाणी मारून कापा, नाहीतर फळ्या कापायच्या विजेच्या कात्रीनं कापा. मिस्त्रीनं त्यालाच शिकवलं की पाणी मारलं तर डाग पडतो आणि कात्रीनं कापलेली कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते. तिथं तो विषय संपला.

मग गेल्या थंडीत बायकोला खोकला झाला आणि तो गेलाच नाही. चालताना दम लागायला लागला, मग बोलताना, मग नुसतं बसल्या बसल्या. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही छातीचे फोटो काढले आणि उजेडाला धरले.

‘बाईंची फुफ्फुसं धुळीनं भरलीत,’ त्या म्हणाल्या. ‘झालंय ते आता परत नीट होणार नाही. नवी धूळ जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे.’

‘कसली धूळ?’ मिस्त्रीनं विचारलं.

‘कसलीही. पण तुमच्या कामाची सगळ्यांत वाईट.’

मिस्त्रीचा फोटो चांगला आला होता. ‘तुम्ही मास्क लावत असाल,’ असं त्या सहज म्हणाल्या, पुढच्या पेशंटचा कागद हातात घेता घेता. तो मान हलवून बाहेर आला. बायको बाकावर बसली होती. तिनं विचारलं, ‘तुमचं काय म्हणाल्या?’ तो म्हणाला, ‘बरं आहे.’ ‘चला, एकाचं तरी,’ ती म्हणाली आणि खरोखर खूश झाली. मिस्त्रीला एवढी लाज वाटली की गाडीत तो तिच्या शेजारी न बसता दारात उभा राहिला.

लेक शहरात राहायची. रविवारी ती आली ती आईला न्यायच्या तयारीनंच.

‘आई, माझ्याकडे चल. पक्क्या भिंती आहेत, दवाखाना हाकेवर आहे.’

‘मी माझं घर सोडून कुठं यायची नाही.’

‘घर? या घरात वारं तुझ्याआधी खाटेवर येऊन बसतं.’

दारातून मिस्त्री म्हणाला, ‘भिंत करतो.’

‘बाबा, तुम्ही अकरा वर्षं करताय.’

‘येत्या रविवारपर्यंत करतो.’

‘आणि कापणार कशानं? अंगणात ग्राइंडर लावून? म्हणजे दोन दिवसांत भिंत होईल आणि तिसऱ्या दिवशी आई संपेल.’

बायको उशीला टेकून दम खात होती. तेवढं झाल्यावर तिनं निकाल दिला. ‘पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये. भिंत झालेली असली तर मी इथंच राहणार, तू परत हा विषय काढायचा नाही. नसली झाली, तर मी मुकाट्यानं गाडीत बसेन. शब्द म्हणजे शब्द.’

‘आणि धुळीचा कण उडता कामा नये,’ लेक बापाकडे बघून म्हणाली.

सोमवारी सकाळी मिस्त्रीनं हत्यारं आणून तिच्या खाटेशेजारी पोत्यावर मांडली. एवढ्या वर्षांत हत्यारांबद्दल त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. पण तिलाही प्रत्येकाचा गुण माहीत होता, एकवीस वर्षं दुसऱ्या टोकाला उभी होती ती.

ग्राइंडर बघून ती म्हणाली, ‘ही माझी सवत आत कशाला आणलीत?’

‘राहू दे. नुसती आणलीय.’

‘तिला बाहेर ठेवा. ती आली की मला खोकला येतो.’

तो ग्राइंडर उचलून पडवीत ठेवून आला. मग उरलं काय, तर काटकोन बघायचा गुण्या, पट्टी, करवत, कानस आणि ओरखड्याची सुरी. सुरीच्या टोकाला कठीण धातूचा दात असतो. फळीवर पट्टी धरून तीन-चारदा ओरखडा काढायचा आणि फळी गुडघ्यावर घेऊन मोडायची. सरळ रेषेला हे जमतं. खिडकीच्या कोपऱ्याशी फळीला खाच पाडायची म्हटली की फळी भलतीकडेच मोडते.

‘सुरीनं चोवीस फळ्यांतून भिंत निघायची नाही,’ ती म्हणाली. ‘निम्म्या मोडाल.’

‘मग?’

‘कात्री आणा. मुकादमाकडे आहे. ती विजेची. तिचे नुसते तुकडे पडतात, धूळ होत नाही.’

‘कड खराब येते.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो उठला आणि टोपी शोधायला लागला.

मुकादम गोदामासमोर दोन माणसांबरोबर चहा पीत होता. हातानंच ‘थांब’ म्हणाला. मिस्त्री उन्हात उभा राहिला. चहा झाला, तंबाखू झाली, एक फोन झाला.

‘बोल, सूतभर.’

‘कात्री पाहिजे होती. आठवडाभर.’

‘कुठल्या कामावर?’

‘घरी. बायकोला धूळ चालत नाही.’

मुकादमानं त्या दोघांकडे बघून डोळा घातला. ‘हाच तो बरं का. कात्रीनं कापलेली फळी मी भिंतीला लावणार नाही म्हणून ऐन कामावरून निघून गेला होता. काय म्हणाला होतास रे? उंदराचं काय?’

मिस्त्री खाली बघत होता.

‘अरे, सांग की यांना.’

‘उंदरानं कुरतडल्यासारखी,’ मिस्त्री म्हणाला.

तिघंही हसले. मुकादम माणूस वाईट नव्हता, पण हातात आलेली गंमत सोडणाराही नव्हता. शेवटी त्यानं कात्री दिली. ‘पातं जरा बोथट आहे. आणि शुक्रवारी संध्याकाळी परत पाहिजे, शनिवारी आमचं काम आहे,’ म्हणाला. मिस्त्रीनं ती पोत्यात गुंडाळून छातीशी धरून आणली.

जुनी भिंत पाडली असती तर तिचीच धूळ उडाली असती. म्हणून ती तशीच ठेवून त्यानं बाहेरून उभ्या पट्ट्या मारल्या, त्यांच्यावर फळ्या चढवायच्या असं ठरवलं. मंगळवारी कात्रीनं पहिली फळी कापली. हाताला सवय नव्हती, पातं सरकलं, फळी वाया गेली. दुसरी निघाली, पण कड खडबडीत. ग्राइंडरची कड म्हणजे बोट फिरवावं आणि बोटाला कळू नये. ही हाताला टोचत होती. त्यानं खडबडीत बाजू कोपऱ्याच्या पट्टीखाली लपवली आणि कुणी बघत नाही ना म्हणून रस्त्याकडे पाहिलं. कानस हातात घेतली होती, पण कानशीनं भुकटी पडते, म्हणून ती परत पेटीत टाकली.

आतून आवाज आला. ‘काय झालं? हातोडी का थांबली?’

‘काही नाही.’

‘कड बघत बसला असाल. ठोका आता.’

फळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. त्यानं एक खुंटी मारून तिच्यावर ते टोक टेकवलं आणि या टोकाला खिळा मारला. खुंटी बोलत नाही, ‘जरा वर, जरा खाली’ म्हणत नाही. प्रत्येक फळीला त्याला चारदा इकडून तिकडे जावं लागत होतं. संध्याकाळपर्यंत पाठ धरली आणि ओळी झाल्या तीन.

पण खालच्या अंगानं वारं बंद व्हायला लागलं होतं. बुधवारी संध्याकाळी तो आत आला तेव्हा ती खाटेवरून हात खाली सोडून बसली होती.

‘खाटेपर्यंत बंद झालंय,’ ती म्हणाली. ‘हात वर केला की लागतं, खाली केला की नाही. या, बघा.’

त्यानं तिच्या हाताशेजारी हात धरला. खरंच होतं. गुरुवारी वारं तिच्या खांद्याच्या वर गेलं. त्या दुपारी ती सलग दोन तास झोपली आणि उठल्यावर भूक लागली म्हणाली. गेल्या तीन महिन्यांत तिनं हे म्हटलं नव्हतं. मिस्त्रीनं भात टाकला, तो जरा करपला, तिनं न बोलता खाल्ला.

‘मला बाहेर नेऊन दाखवा की भिंत. आतून तर तीच फडकी दिसतात.’

‘झाल्यावर बघ. अर्धं काम बघू नये.’

‘मी आजवर तुमची सगळी अर्धीच कामं बघितली. पूर्ण झालं की आपण दुसऱ्या गावाला.’

हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. रंग लागल्यावर, लोक येऊन बघायला लागल्यावर ती कधी तिथं नसायचीच. त्याला वाटलं, ही भिंत तिनं पुरी बघावी आणि अशी बघावी की नाव ठेवायला जागा नको. चांगलाच विचार होता. पण त्याच विचारानं पुढचा घात केला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो कात्री देऊन आला. ताडपत्रीखाली सहा फळ्या उरल्या होत्या. भिंतीवर चार चढवायच्या होत्या, खिडकीच्या वरच्या अंगाच्या. त्यांतल्या दोनांना खाचा पाडायच्या होत्या. शनिवारी सकाळी त्यानं सुरीनं ओरखडे काढले, करवतीनं खाच पाडायला घेतली. अर्ध्या फळीत करवतीचे दात गेले. मोडायला गेला तर फळी कोपऱ्यापासून तिरकी तडकली. दुसरी घेतली, जपून, जीव मुठीत धरून, तीही तशीच तडकली. आता लागणार होत्या तेवढ्याच, चार फळ्या उरल्या. आणखी एक मोडली असती तर खिडकीवर हातभर भोक राहिलं असतं आणि उद्या लेक गाडी घेऊन येणार होती.

तो बराच वेळ पायरीवर बसला. मग पडवीत गेला आणि ग्राइंडर घेतला.

अंगणात लावायचा नाही, एवढं भान त्याला होतं. वारं पश्चिमेचं, म्हणजे धूळ पूर्वेकडे जाणार. पूर्वेला दोन शेतं टाकून शेजाऱ्याची विहीर होती, तिथं मोटारीच्या खोलीत वीज होती. त्यानं चार फळ्या हातगाडीवर बांधल्या, वर ग्राइंडर ठेवला. बायकोला म्हणाला, ‘विहिरीवर जाऊन येतो.’ तिनं गाडीवरचं सामान बघितलं नाही. खाटेवर बसून ती केस विंचरत होती, किती दिवसांनी.

विहिरीवाला हौदाच्या काठावर पाय धूत होता. म्हातारा माणूस, साध्या गोष्टी साध्या डोळ्यांनी बघणारा.

‘पाणी मारून काप की,’ तो म्हणाला. ‘हौद भरलाय. डबा देतो, मी धार धरतो, तू काप.’

मिस्त्रीनं हौदाकडे बघितलं. पाणी काठोकाठ होतं. मग फळ्यांकडे बघितलं. खिडकीवरच्या फळ्या, रस्त्यावरून येणाऱ्याची पहिली नजर तिथंच पडणार, आणि तिचीही.

‘नको,’ तो म्हणाला. ‘डाग पडतात.’

‘पडले तर पडले.’

‘नको, बाबा. लांब आहे मी. तिच्यापर्यंत काही जात नाही.’

त्यानं मास्क लावला, म्हाताऱ्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलं आणि ग्राइंडर चालू केला. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. आठवडाभर हात बांधल्यासारखे झाले होते, ते सुटले. चकती फळीत लोण्यात गेल्यासारखी गेली. खाचा पडल्या त्या अशा की गुण्या लावून बघायची गरज नव्हती. पांढरी धूळ उठत होती आणि वारं ती पूर्वेच्या शेतांवर नेत होतं. पण वळून कापताना काही परत अंगावरही येत होती. शर्ट पाठीपासून गळ्यापर्यंत पांढरा झाला. अर्ध्या तासात चारही फळ्या झाल्या. त्यानं त्या कोरड्या फडक्यानं पुसल्या. एक डाग नाही.

घरी आला तेव्हा त्यानं सगळं आठवून केलं. फळ्या बाहेर भिंतीला टेकवल्या. शर्ट बाहेरच काढला, धूळ आत राहील असा गुंडाळला आणि मागच्या बाजूला लाकडांच्या ढिगावर ठेवला. नंतर स्वतःच धुवायचा असं ठरवलं. मग न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. केसांना साबण लावला, कानांत, नाकात, भुवयांना लावला.

तिला आज बरं वाटत होतं. वारं डोक्याच्या वर गेलं होतं, दोन दिवस पोटभर झोप झाली होती. न्हाणीत पाण्याचा आवाज ऐकून ती उठली, टॉवेल द्यायला मागच्या दारी आली. लाकडांवर शर्ट दिसला. माणूस कामावरून आला आहे, आंघोळीला गेला आहे, शर्ट पडला आहे. पुढं तिच्या हातांनी तिला विचारलं नाही.

मिस्त्रीच्या डोळ्यांत साबण होता. त्याला आवाज आला. कापड झटकल्याचा, मागच्या दारातून. एकदा. त्याला क्षणभर काही वाटलंच नाही, तो आवाज एकवीस वर्षं त्याच वेळेला येत आला होता. दुसऱ्यांदा आला. तेव्हा तो उठला. तिसऱ्यांदा झटकत असताना तो नागडा, साबणानं भरलेला, आंधळ्यासारखा न्हाणीची चौकट चाचपत होता.

‘टाक तो,’ तो म्हणाला. ‘टाक तो खाली.’

डोळे पुसून बघितलं तर ती पांढऱ्या ढगात उभी होती, शर्ट हातात, तोंड एका बाजूला फिरवलेलं, नेहमी फिरवायची तसं.

‘अहो, ही ओळखीची धूळ आहे,’ ती म्हणाली. आणि मग तिला खोकला आला.

गावातल्या दवाखान्यातली नर्स येऊन गेली, तिनं वाफेची नळी लावली, इंजेक्शन दिलं. थोडा उतार पडला. ‘सकाळी मोठ्या दवाखान्यात न्यावंच लागेल,’ म्हणाली. बायको खाटेवर पुढं वाकून बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि एकेक श्वास ओढून घ्यायला लागली. आडवं होता येईना. मिस्त्री तिच्या पाठीला उशी लावत होता, काढत होता, परत लावत होता. ‘लेकीला कळवतो,’ म्हणाला तर तिनं हात हलवला.

‘आधी फळ्या,’ ती म्हणाली. एकेका श्वासाला एकेक शब्द येत होता. ‘ती यायच्या आत. ठोका.’

‘मरू दे त्या फळ्या.’

‘शब्द दिलाय मी.’

उजाडल्याबरोबर तो बाहेर गेला. फळ्या बसल्या. बसणारच होत्या, मापात होत्या. आत ती भिंतीला टेकून बसली होती. हातोडी पडली की तिच्या पाठीला कळत होतं, आणि हातोडी थांबली की ती आतून बोटांनी भिंतीवर टकटक करायची, चालू ठेवा म्हणून. शेवटची फळी झाली आणि खोलीतलं वारं पूर्ण थांबलं. खिडकीचा पडदा पहिल्यांदाच सरळ लोंबला.

शेवटचा खिळा बसला तेव्हा लेकीची गाडी रस्त्यावर थांबली होती. लेक खाली उतरली आणि भिंतीकडे बघतच राहिली. ओळी दोरी लावल्यासारख्या, खाचा अचूक, सकाळच्या उन्हात कुठं एक ठिपका नाही.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही केलीत.’

मिस्त्रीनं मान फिरवली. ती आत गेली, आणि मग आतून तिचा दुसराच आवाज आला.

आईला दोघांनी उचलून गाडीत नेलं. ती लेकीला सांगत होती, ‘भिंत झालीय बरं का. बघितलीस ना. मी इथंच.’ लेक ‘हो आई, हो’ म्हणत तिचे पाय आत घेत होती. मागच्या सीटवर तिला आडवी-तिडवी टेकवली. गाडी नव्या भिंतीसमोरूनच गेली, पण खालून तिला आभाळाखेरीज काही दिसलं नसेल.

दवाखान्यात दहा दिवस गेले. मग डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजनचं नळकांडं बरोबर देऊन सोडलं आणि लेकीला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. लेकीनं आईला आपल्या घरी नेलं.

मिस्त्री भेटायला गेला. लेकीनं दारातच त्याला धुतलेले कपडे दिले, अंगावरचे काढून पिशवीत बांधून बाहेर ठेवले. रागानं नाही, पण बोललीही नाही. तो हातपाय धुऊन खाटेशी जाऊन बसला. बायको फार लहान दिसत होती. नाकात नळी होती. त्याला बघून तिनं हात थोडा उचलला.

‘भिंत कशी दिसते?’

‘चांगली दिसते.’

‘लोक बघतात?’

‘थांबून बघतात. मुकादम आला होता. त्यानं खाचांवरून बोट फिरवलं. काही बोलला नाही.’

ती हसली. ‘डाग नाही ना पडला कुठं?’

आता मात्र त्याला राहवेना. वाटेत तो हेच घोकत आला होता. ‘हौद भरलेला होता,’ तो म्हणाला. ‘म्हातारा म्हणत होता पाणी मार. मी नाही मारलं. पाणी मारलं असतं तर शर्टाला धूळ लागली नसती. तू आज घरी असतीस. आधीही नाही मारलं कधी. मास्कही एकच होता, तो मी लावला. माझ्यामुळं झालं हे सगळं.’

तिनं डोळे मिटले. त्याला वाटलं, ती आता आपल्याशी बोलणार नाही, आणि तसंच व्हायला हवं. लेक दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

‘पाणी मारलं असतं,’ बायको डोळे उघडून म्हणाली, ‘तर डाग पडले असते.’

ती हे मनापासून म्हणत होती. एवढ्या वर्षांच्या जोडीदारानं जोडीदाराला सांगावं तसं. मिस्त्रीला रडू आलं ते या वाक्यानं. त्यानं तिचे पाय मांडीवर घेतले आणि खाली मान घालून चोळायला लागला. पाय थंडगार होते.

‘मला घरी कधी नेता?’ तिनं विचारलं.

त्यानं लेकीकडे बघितलं. लेकीनं खिडकीकडे तोंड केलं.

‘वारं पडलं की नेतो,’ तो म्हणाला.

ती जरा वेळ श्वास गोळा करत राहिली. मग उशीवरच मान वळवून त्याच्याकडे बघत, एखाद्याला सोपी गोष्ट समजावून सांगावी तसं, म्हणाली, ‘पण आता भिंत झालीय ना आपली. मग वाऱ्याची वाट कशाला बघायची?’

मिस्त्री पाय चोळत राहिला.